इंडिकेटरचे सतरा गुण

सरकारी वाहनाच्या स्टिअरिंगवर ठेवलेला हात हा चालकाचा नसून राज्याचा हात असतो. नव्या परिपत्रकाचं हे पहिलं वाक्य. हा हात चुकल्यास दंडाचे गुण चालकाच्या नावावर जमा होतील, हे दुसरं. त्यानंतर राज्य परिपत्रकात कुठेही आलं नाही.

तोवर लष्करी आणि सरकारी गाड्यांचं रस्त्यावर बरं चाललं होतं. चौकातला कॅमेरा फोटो सगळ्यांचेच काढायचा, पण सरकारी पाटीचे फोटो एका कपाटात जायचे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसायचं. आता किल्ली सापडली होती. सिग्नल तोडला तर तीन गुण, वेग ओलांडला तर दोन, झेब्रा पट्ट्यावर चाक टेकलं किंवा गाडी भलत्या जागी लावली तर एक. वर्षभरात बारा भरले की चालक स्टिअरिंगवरून खाली आणि टायर-स्टोअरमध्ये. तिथे जुने टायर मोजायचे असतात. त्यांची संख्या बदलत नाही.

वाहन विभागात चौदा गाड्या होत्या आणि चौदा चालक. दर एक तारखेला फलकावर गुणांची यादी लागणार म्हटल्यावर तेरा जणांना ती तारीख येऊच नये असं वाटू लागलं. चौदाव्याला मात्र कधी एकदा एक तारीख येते असं झालं होतं. त्याला सगळे इंडिकेटर म्हणत, कारण आवारात चिटपाखरू नसतानाही गाडी शेडमध्ये वळवताना तो इंडिकेटर द्यायचा. एकतीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नव्हता, की कोणा पोलिसाने त्याला शिट्टी मारलेली नव्हती. आपल्या नावापुढे सरकारने छापलेलं शून्य बघायची त्याला एवढी हौस, की त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

यादीत त्याच्या नावापुढे तीन होते.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीनच. आणखी दोघांच्या नावापुढे एकेक होता, आणि सायरनच्या नावापुढे शून्य. सायरन म्हणजे बड्या साहेबांचा ड्रायव्हर. लाल दिवा म्हणजे आपल्याला नव्हे, मागच्याला सूचना आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"अभिनंदन," सायरन मागून म्हणाला. "छुपा रुस्तम निघालास रे."

इंडिकेटर थेट सुभेदारांच्या टेबलाशी गेला. सुभेदारांनी सैन्याच्या वाहन तुकडीत पंचवीस वर्षं काढली होती, आणि निवृत्तीनंतर ते या गुणांच्या कामावर खास नेमले गेले होते. त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असायच्या.

"हे तीन माझे नाहीत," इंडिकेटर म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात."

"सगळे कोण? अजून दुसरं कोणी आलेलंच नाही तुमच्याकडे."

"येतील तेव्हा म्हणतील," सुभेदार म्हणाले. "कॅमेरा गाडीचा नंबर देतो. त्या दिवशी ती गाडी कोणाकडे होती, ते मी लॉगबुकात सही बघून ठरवतो. सही खोटं बोलत नाही."

"मग मला ती सही दाखवा. कुठला दिवस, कुठला चौक ते सांगा."

"गोपनीय. फाइल फक्त सुनावणीत उघडते."

"सुनावणी कधी होते?"

"बारा झाल्यावर."

इंडिकेटरच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

घरी त्याने बायकोला सांगितलं. बायको दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. माणसं जे सांगतात आणि कागद जे सांगतो त्यांचा मेळ नसतो, हे तिला रोजचंच होतं.

"गुण तुम्हाला आणि शून्य सायरनभाऊजींना?" ती म्हणाली. "अहो, तुमच्या गाडीत बसायचं तर मी घरून डबा घेऊन निघते."

"म्हणून तर म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय."

"नाव तुमचं लागलंय म्हणजे कुठेतरी सही तुमची असणार. दुसरं काय?"

तिने हे साधंच म्हटलं होतं. इंडिकेटरला त्यात कट दिसला. कोणीतरी आपली सही मारतंय. त्याची जुनी सही म्हणजे एक आडवी रेघ आणि शेपूट, ती कोणीही मारली असती. त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून त्याने नवी सही घडवली. तिच्यात तीन वेलांट्या होत्या, वर एक कमान आणि कमानीखाली दोन ठिपके, आणि त्यातला उजवा ठिपका मुद्दाम जरा मोठा. बायकोने भाजी निवडता निवडता ती पाहिली.

"लग्नाच्या रजिस्टरात एवढी मेहनत घेतली नव्हतीत."

"तेव्हा कोणावर संशय नव्हता."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.

सोमवारपासून त्याने डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. संध्याकाळी गाडी लावली की मागच्या चाकाखाली खडूने बारीक खूण करायची आणि किलोमीटरचा आकडा वहीत उतरवून घ्यायचा. सकाळी दोन्ही पडताळायचे. खूण जागच्या जागी, आकडा तोच. मग एका सकाळी सीट दोन खाचा पुढे सरकलेली सापडली. तो तडक गॅरेजमध्ये गेला आणि गाडीखाली पडलेल्या मिस्त्रीच्या पायांना विचारलं, "माझी सीट कोणी सरकवली?"

"मी," पाय म्हणाले. "ब्रेक बघायला बसलो होतो. माझी उंची कमी आहे. त्याचे किती गुण?"

इंडिकेटरने वहीत लिहिलं : मिस्त्री, सीट, उत्तर जरा लवकर दिलं.

पहारा करायचा तर सगळ्यांच्या आधी पोचायला हवं. पूर्वी तो साडेसातला यायचा, तेव्हा आणखी दोघं तिघं त्याच्या मागेपुढे असायचे. आता तो पावणेसातला येऊ लागला. आवारात कोणी नसायचं. वाहन विभागात फार जुना रिवाज होता, की जो पहिला येईल त्याने सगळ्या गाड्यांचं तेल-पाणी बघायचं. चौदा गाड्यांच्या तेलाच्या पट्ट्या काढायच्या, पाणी बघायचं, टायरांवर चापट्या मारायच्या, आणि प्रत्येक लॉगबुकात त्या दिवसाच्या पानावर सर्वांत वर सही ठोकायची. नंतर आठला बाकीचे येत, किल्ल्या उचलत आणि सुटत. संध्याकाळी परतल्यावर ज्याने गाडी चालवली तो खाली सही करी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर बहुधा कोणी पाळलं नसतं. आता रोजच पहिला येत असल्यामुळे रोजच्या चौदाच्या चौदा सह्या इंडिकेटरच करू लागला. नव्या सहीला वेळ लागायचा, पण दोन ठिपके देताना त्याला समाधान वाटायचं. ही कोणाच्या बापाला जमणार नाही.

दुसऱ्या महिन्याच्या यादीत त्याचे सात झाले. बाकीच्या दोघांचा एकेकच राहिला.

आता तो ताशी तीसवर आला. त्याच्या गाडीतून आरोग्य खात्याच्या उपसंचालक बाई जायच्या. एका चौकात तो दिवा हिरवा असताना थांबला.

"हिरवा आहे हो," बाई मागून म्हणाल्या.

"आहे ना. पण कधीपासून आहे ते आपल्याला माहीत नाही, बाई. कधीही जाईल."

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला. दिवा लाल झाला, तेव्हा इंडिकेटरने मान हलवली. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. बाईंनी त्या दिवसापासून बैठकीच्या वेळा त्याला अर्धा तास आधीच्या सांगायला सुरुवात केली. हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याने वहीत बाईंचंही नाव लिहिलं.

तिसऱ्या महिन्यात अकरा झाले.

त्याचं जेवण कमी झालं. टायर मोजायला कोणी मरत नाही हे त्यालाही कळत होतं, आणि पगारही तोच राहणार होता. पण त्या विभागात चालक निवृत्त झाला की शेवटच्या दिवशी त्याला त्याच्याच गाडीत मागच्या सीटवर बसवून, बाकीच्यांनी गाडी चालवत घरी सोडायची पद्धत होती. जो स्टिअरिंगवरून उतरवला गेला त्याला हा मान नाही. तो बसने जातो. एकतीस वर्षं त्याने ती मागची सीट फक्त आरशात पाहिली होती.

"झोपेत तर नाही ना मी गाडी नेत?" त्याने एकदा बायकोला विचारलं.

"झोपेत तुम्ही घोरता. गाडी एवढा आवाज करत नाही."

"तू हसतेस. अकरा झालेत. आता एकच उरला."

ती हसायची थांबली. "हे बघा, दवाखान्यात दोन माणसांचे पेपर एकमेकांत गेले तर आम्ही पेशंटला दोष देत नाही. आधी खिडकीवर कोण बसलं होतं ते बघतो. तुम्ही सगळ्या ड्रायव्हरांच्या मागे लागलात. त्या सुभेदारांना विचारा, ते नेमकं बघतात काय."

पण सुभेदार इंडिकेटरच्या वहीत आधीपासून होतेच. खूप वर्षांपूर्वी घाटात आपण लष्कराच्या एका ट्रकला पुढे जाऊ दिलं नव्हतं, हे त्याला आठवलं होतं. त्या ट्रकमध्ये कोण होतं काय माहीत. तेव्हा सुभेदारांना काही विचारणं म्हणजे चोराच्या हातात कंदील देणं, असं ठरवून तो गप्प बसला, आणि सकाळी साडेसहाला येऊ लागला.

एव्हाना त्याच्या वहीची कुणकुण सगळ्यांना लागली होती. तो चहाच्या खोलीत शिरला की गप्पा थांबायच्या आणि सगळे कपात बघायचे. इंडिकेटरने याचा अर्थ असा लावला की हे सगळे सामील आहेत. त्यांनी त्याच्याबद्दल काय अर्थ लावला होता, ते सायरनने एका दुपारी शेडमागे सांगितलं.

"खरं बोल. तूच कळवतोस ना वरती?"

"मी? अरे, अकरा गुण माझे आहेत."

"तेच तर. तुझ्यासारख्याला अकरा कसे पडतील? स्वतःच्या नावावर चार टाकून घेतले की तुझ्याकडे कोण बघणार?" सायरनने आवाज खाली आणला. "वहीत माझं काय लिहिलंयस?"

"तुझं शून्य का, ते लिहिलंय."

"नशीब असतं एकेकाचं," सायरन म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला. कारण हे नशीब कुठून आलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि इतके दिवस तो त्याच धास्तीत होता.

चौथ्या यादीत इंडिकेटरचे सतरा झाले. बाराच्या वरच्या पाचांचं काय करायचं याची परिपत्रकात तरतूद नव्हती. शुक्रवारी अकराला सुनावणी, सोमवारी किल्ली जमा, असं पत्र त्याच्या हातात आलं.

सुनावणी वाहन अधिकाऱ्यांच्या खोलीत झाली. टेबलामागे वाहन अधिकारी, बाजूला फाइल घेऊन सुभेदार. चालकांचा प्रतिनिधी म्हणून सायरनला बसवलं होतं, कारण यादीत त्याची वर्तणूक सर्वांत चांगली होती. इंडिकेटर उभा होता. त्याने बसायला नकार दिला. खुर्चीतही काही असेल असं त्याला वाटलं असावं.

सुभेदारांनी फाइल उघडली आणि नऊ पानं टेबलावर मांडली. प्रत्येक पानाला कॅमेऱ्याचा फोटो टाचलेला होता.

"ही सही तुमची?"

इंडिकेटर वाकला. तीन वेलांट्या, कमान, दोन ठिपके, उजवा जरा मोठा. पहिल्या एक दोन पानांवर जुनी शेपटी होती, पुढे सगळीकडे ठिपके. त्याने एकेक ठिपका निरखून पाहिला. एवढं हुबेहूब कोणाला जमलं असेल, असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की कोणालाच जमणार नाही, म्हणून तर केली होती.

"माझीच," तो म्हणाला.

"प्रश्नच मिटला मग," अधिकारी म्हणाले.

"एक मिनिट, साहेब." इंडिकेटरने दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. "तारीख एकच. हा फोटो नऊ वाजून दहा मिनिटांचा, पुलावरचा. हा नऊ वाजून बारा मिनिटांचा, विमानतळाच्या रस्त्यावरचा. मध्ये अठरा किलोमीटर आहेत. आणि या दोन्हीतली एकही गाडी माझी नाही."

अधिकाऱ्यांनी सुभेदारांकडे पाहिलं.

"अंतर बघणं माझ्याकडे नाही," सुभेदार म्हणाले. "मी सही बघतो. वरची."

"वरची का?"

"पानावर पहिली सही चालकाची. सैन्यात पंचवीस वर्षं हेच पाहिलंय. जो गाडी नेणार तोच तेल-पाणी बघणार आणि तोच आधी सही करणार. दुसऱ्याच्या गाडीची पट्टी बघून सही करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही."

इंडिकेटरने मनातल्या मनात सगळ्या सकाळी मोजल्या. जितका पहारा कडक केला, तितक्या सह्या वाढल्या होत्या.

"साहेब, ती तेल-पाण्याची सही आहे," तो हळूच म्हणाला. "जो पहिला येतो तो करतो. चालवणारा खाली करतो."

"खाली?" सुभेदारांनी पानं पुन्हा उचलली. खालच्या सह्या त्यांनी आजवर संध्याकाळी गाडी धुणाऱ्याच्या समजल्या होत्या. आता ते एकेक वाचू लागले. "सिग्नल, विमानतळ रस्ता, तीन. खाली सही…" त्यांनी मान वर करून सायरनकडे पाहिलं. "सिग्नल, तीन. तीच. वेग, दोन. तीच. झेब्रा, एक. तीच. नऊ झाले."

"बड्या साहेबांना विमान गाठायचं होतं," सायरन म्हणाला.

"चारही वेळा?"

"विमानं रोजच असतात."

उरलेल्या आठातले सात चौघा जणांत वाटले गेले. इंडिकेटरच्या वाट्याला एकही आला नाही. त्याला आनंद झाला, पण त्याने तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही. अजून एक पान शिल्लक होतं, आणि एका पानात काहीही असू शकतं.

"शनिवार, दुपार," सुभेदारांनी वाचलं. "झेब्रा पट्ट्यावर चाक, एक गुण. वर यांची सही. खाली सहीच नाही."

अधिकाऱ्यांनी पान हातात घेतलं. फोटो तलावाकडच्या चौकातला होता. गाडीच्या मागच्या काचेतून पोहायचं एक पिवळं रबरी बदक बाहेर बघत होतं. अधिकाऱ्यांनी बदक ओळखलं. त्यांनी फोटो अलगद उलटा ठेवला आणि टेबलावरचं पाणी प्यायले.

"या प्रकरणात," ते म्हणाले, "मुळात नोंदीची पद्धतच सदोष दिसते. अशा वेळी कोणा एकावर ठपका ठेवणं अन्यायाचं होईल. आजवरचे सगळ्यांचे सगळे गुण तांत्रिक कारणास्तव रद्द."

"सगळ्यांचे?" सुभेदार म्हणाले.

"सगळ्यांचे. पुढच्या महिन्यापासून खालची सही बघा."

सायरनने एवढा मोठा श्वास सोडला की पानं हलली. सुभेदारांनी ती पुन्हा एका रेषेत लावली. इंडिकेटर मात्र जागचा हलला नाही. चार महिने जी गोष्ट घट्ट बसली होती ती एवढ्या सहज सुटली, हे त्याच्या पचनी पडेना.

"म्हणजे माझं शून्य?" त्याने विचारलं.

"शून्य."

"आणि गाडी माझ्याकडेच?"

"तुमच्याकडेच. जा आता."

"लेखी द्या, साहेब."

"अहो, एक तारखेला फलकावर लागेलच की."

"फलकावर सतरापण लागले होते."

सायरनने कपाळाला हात लावला. अधिकारी मनाने केव्हाच उठून गेलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "द्या हो सुभेदार त्यांना काय हवं ते." सुभेदारांनी आदेशाचा छापील नमुना घेतला, टोकदार पेन्सिल निवडली, मग ती ठेवून पेन घेतलं. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, नावापुढे शून्य लिहून ते शब्दांतही लिहिलं. पुढचा रकाना आला तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"परवाना."

इंडिकेटरने खिशातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून परवाना काढून दिला. पाकीट कोरं करकरीत होतं. त्यातून तो बाहेर काढायची वेळच कोणी आणली नव्हती. सुभेदारांनी नंबर उतरवला आणि खालची ओळ वाचली. मग चष्मा वर करून वाचली.

"याची मुदत चार वर्षांपूर्वी संपली आहे," ते म्हणाले.

इंडिकेटरने परवाना परत घेऊन पाहिला. सायरनने पाहिला. अधिकाऱ्यांनीही हात लांब करून घेतला आणि पाहिला. तारखेत काही खोट नव्हती.

"याला किती गुण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सुभेदारांनी पट्टी लावून गुणांचा तक्ता वरून खाली दोनदा तपासला. परवान्याशिवाय गाडी चालवण्याला त्यात गुणच नव्हते.